वाचक विचारतात : महाधमनीचा फुगवटा आणि संगणकातले गणित

पोटातल्या महाधमनीला येणारा फुगवटा, म्हणजे अ‍ॅब्डॉमिनल एऑर्टिक अ‍ॅन्युरिझम, आणि त्यातला रक्तप्रवाह व भिंतीवरचा ताण संगणकावर कसा काढतात, याविषयी आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८. सोनोग्राफीत महाधमनी ४.६ सेंमी रुंद निघाली. डॉक्टर म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, दर वर्षी तपासणी करा. ओळखीच्या एका इंजिनिअरने सांगितले की सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटर भिंतीवरचा ताण काढतो आणि फुटण्याचा धोका सांगतो. ते करून घ्यावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलेला मार्ग बरोबर आहे, तोच धरा. किडनीच्या रक्तवाहिन्यांखाली महाधमनी साधारण २ सेंमी रुंद असते. ती ३ सेंमी झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ सेंमीला आणि स्त्रियांत साधारण ५ सेंमीला दुरुस्तीचा विचार सुरू होतो. ५.५ हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्रिटनमधल्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अमेरिकेतल्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा दोन मोठ्या चाचण्यांत, त्याहून लहान फुगवट्यांवर लवकर शस्त्रक्रिया केल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. ४ ते ४.९ सेंमीला वर्षातून एकदा आणि ५ ते ५.४ सेंमीला सहा महिन्यांनी तपासणी, अशी आज सर्वसाधारण पद्धत आहे.

ताणाचे गणित खोटे नाही. काही फुगवटे ५.५ च्या आतच फुटतात, तर काही ७ सेंमीचे होऊनही वर्षानुवर्षे टिकतात. फक्त रुंदी मोजून हा फरक कळत नाही, म्हणूनच संशोधक भिंतीच्या ताणाकडे वळले. पण त्या गणितातल्या दोन गोष्टी, भिंतीची जाडी आणि भिंतीची ताकद, जिवंत रुग्णात अजून नीट मोजता येत नाहीत. त्यामुळे 'ताण कमी आला, म्हणून तपासणी पुढे ढकलू' असे कधीही करू नका.

वडिलांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. विडी-सिगारेट पूर्ण बंद. फुगवटा वाढण्याचा वेग त्याने खरोखर कमी होतो. रक्तदाब ताब्यात हवा. दर वेळी तपासणी एकाच पद्धतीने आणि शक्य तर एकाच केंद्रात करा, कारण सोनोग्राफी आणि सीटी यांच्या मापांत काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो फरक 'वाढ' म्हणून वाचला जातो. पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र दुखू लागले, घेरी आली, तर वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे आणि फुगवटा असल्याचे दारातच सांगायचे.

प्रश्न : 'वॉल स्ट्रेस' आणि 'वॉल शिअर स्ट्रेस' एकच का? दोन लेखांत दोन अगदी वेगळे आकडे दिसले. — बी.एस्सी. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : एक नाही, आणि ही गल्लत छापील मजकुरातही सर्रास दिसते.

पहिला ताण भिंतीच्या आतला. रक्ताचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत घेराच्या दिशेने ताणली जाते. नळीसाठी हा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. १२० मिमी पारा म्हणजे १६ किलोपास्कल. निरोगी धमनीची त्रिज्या १० मिमी आणि जाडी १.५ मिमी धरली तर ताण साधारण १०७ किलोपास्कल येतो. ५.५ सेंमी फुगवट्यात त्रिज्या २७.५ मिमी, जाडी तीच, तर २९३. तोच फुगवटा गोळ्यासारखा मानला तर याच्या निम्मा, १४७. खरा फुगवटा ना नळी ना गोळा. तो एका बाजूला जास्त सुटलेला, वाकडा असतो. काही ठिकाणी वक्रता उलटी, म्हणजे आत वळलेली असते. अशा जागी सूत्र निरुपयोगी ठरते आणि फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे आकाराचे लहान तुकडे करून गणित सोडवण्याची रीत, लागते.

दुसरा ताण रक्त भिंतीला घासून जाते त्याचा. तो निरोगी धमनीत १ पास्कलच्या आसपास आणि फुगवट्याच्या पोटात बऱ्याचदा ०.४ पास्कलच्याही खाली असतो. पहिला लाखांत, दुसरा एकाच्या घरात. रक्ताच्या घासण्याने भिंत फाटत नाही. पण भिंतीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना हे घासणे जाणवते. ते फार कमी झाले किंवा प्रत्येक ठोक्याला दिशा बदलू लागले की दाह आणि गुठळी यांना वाव मिळतो. म्हणून शिअर स्ट्रेस हा आजार कसा वाढेल याच्याशी जोडलेला, तर भिंतीचा ताण आज ती फाटेल का याच्याशी.

प्रश्न : ओपनफोम ही प्रवाहाचे गणित करणारी मोफत प्रणाली वापरून अ‍ॅन्युरिझममधल्या प्रवाहाचे सिम्युलेशन करतो आहे. पिंपलफोम सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम), के-एप्सिलॉन हे खळबळीच्या प्रवाहाचे मॉडेल, पायांकडे जाणाऱ्या दोन्ही इलियाक धमन्यांच्या टोकांना शून्य दाब. अडचणी तीन : शिअर स्ट्रेस ०.०००५ इतकाच येतो, हृदयाच्या विसाव्याच्या काळात गणित उडते, आणि पहिल्या व तिसऱ्या ठोक्याची उत्तरे जुळत नाहीत. — एम.टेक. विद्यार्थी, पुणे

उत्तर : पहिली अडचण एककाची आहे. ओपनफोमचे असंपीड्य (दाबाने आकारमान न बदलणाऱ्या) प्रवाहाचे सॉल्व्हर दाब आणि शिअर स्ट्रेस दोन्ही घनतेने भागून देतात. ०.०००५ ला रक्ताच्या १०६० या घनतेने गुणा, ०.५३ पास्कल येईल, आणि फुगवट्यासाठी तो अगदी शहाणा आकडा आहे. पुढे बाहेरच्या टोकांना रोध लावाल तेव्हाही हा भागाकार विसरू नका. तिथे चूक झाली तर दाब हजारपटीने चुकतो आणि प्रवाहाची वाटणी बिघडते.

के-एप्सिलॉन काढून टाका. विश्रांतीत किडनीखालून मिनिटाला साधारण १ लिटर रक्त वाहते असे धरा. व्यास २ सेंमी, श्यानता (रक्ताचा दाटपणा) ०.००३५ पास्कल-सेकंद, तर सरासरी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळीचा ते सांगणारा आकडा, ३२० च्या आसपास येतो. ठोक्याच्या शिखरावर तो दोन हजारांच्या घरात जातो. हे मॉडेल पूर्ण विकसित खळबळीसाठी बनलेले आहे. इथे ते कृत्रिम श्यानता घुसवते आणि फुगवट्यात शिरणारे भोवऱ्याचे कडे पुसून टाकते, आणि नेमके तेच तुम्हाला पाहायचे आहे. प्रवाह लॅमिनार, म्हणजे खळबळ नसलेला, ठेवा, मेश (गणितासाठी आकाराचे केलेले तुकड्यांचे जाळे) बारीक करा, कालपायरी १ मिलिसेकंद किंवा त्याहून लहान घ्या.

मेश किती बारीक हवी याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, ते काढता येते. धडधडणाऱ्या प्रवाहात भिंतीलगतच्या थराची जाडी म्हणजे दोन गुणिले गतिक श्यानता भागिले कोनीय वारंवारता, या सगळ्याचे वर्गमूळ. मिनिटाला ७२ ठोक्यांसाठी ती ०.९ मिमी येते. पण ठोक्याच्या लहरीत वरच्या वारंवारता असतात; दहाव्या हार्मोनिकसाठी, म्हणजे ठोक्याच्या दहापट वारंवारतेसाठी, तोच थर ०.३ मिमी. तेव्हा भिंतीजवळचा पहिला थर ०.०५ ते ०.१ मिमी, वाढीचे गुणोत्तर १.२, असे किमान पाच-सहा थर द्या. मध्यभागी १ मिमीच्या आसपासचे घटक पुरतात. मग मेश एक पायरी बारीक करून पुन्हा चालवा आणि शिअर स्ट्रेस तपासा. वेग किंवा दाब तपासून समाधान मानू नका, ते दोन्ही खूप आधी स्थिर होतात.

गणित उडते ते उलट्या प्रवाहामुळे. विसाव्याच्या काळात रक्त इलियाकच्या टोकातून आत येऊ लागते. आत येणाऱ्या रक्ताचा वेग किती, हे सॉल्व्हरला कुणीच सांगितलेले नसते, आणि ऊर्जा फुकट आत शिरते. टोके व्यासाच्या पाचपट तरी लांबवा आणि उलट्या प्रवाहासाठीची स्थिरीकरणाची अट लावा. सिमव्हॅस्क्युलर या मोफत प्रणालीत ही सोय तयारच आहे. हृदयाकडच्या बाजूलाही धमनी तीन-चार व्यास लांबवा, नाहीतर तुम्ही लादलेला वेगाचा आकार थेट फुगवट्यात पोहोचेल.

शून्य दाब मुळातच नको. दोन्ही टोकांना शून्य दिले की कोणत्या पायात किती रक्त जाईल हे फक्त तुमच्या कापलेल्या भूमितीवर ठरते. पुढच्या शेकडो रक्तवाहिन्यांचा रोध जणू नाहीच. तीन घटकांचे विंडकेसल, म्हणजे पुढच्या रक्तवाहिन्यांचा रोध आणि लवचिकता दाखवणारे साधे मॉडेल, लावा. एका इलियाकमधून मिनिटाला अर्धा लिटर म्हणजे सेकंदाला ८.३ मिली. सरासरी दाब ९३ मिमी पारा, तर एकूण रोध ११.२ मिमी पारा-सेकंद प्रति मिली. यातला दहावा हिस्सा, सुमारे १.१, जवळचा आणि उरलेला १०.१ दूरचा. दाब ओसरण्याचा कालांक १.५ सेकंद धरला तर लवचिकता ०.१५ मिली प्रति मिमी पारा. एका पायाकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असेल तर हे आकडे दोन्हीकडे सारखे ठेवणे चुकीचे. डॉपलरने दोन्ही पायांतला प्रवाह मोजून घ्या.

तिसऱ्या अडचणीचे उत्तर याच कालांकात आहे. एक ठोका ०.८३ सेकंदाचा. दोन ठोक्यांनंतरही सुरुवातीच्या चुकीच्या दाबाचा सुमारे एक तृतीयांश शिल्लक राहतो, सहा ठोक्यांनंतर ४ टक्क्यांहून कमी. म्हणून सहा ठोके चालवून शेवटचा घ्या, किंवा सुरुवातच ८०–९० मिमी पाऱ्यापासून करा म्हणजे तीन-चारात भागेल. निकालात तीनच गोष्टी पुरेत : ठोक्यातला सरासरी शिअर स्ट्रेस, दिशा किती बदलते तो ० ते ०.५ मधला निर्देशांक, आणि रक्त कुठे किती वेळ रेंगाळते.

प्रश्न : भिंतीचा ताण काढण्यासाठी रक्त आणि भिंत यांचे एकत्र सिम्युलेशन करावेच लागते का? — संशोधक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : पोटातल्या फुगवट्यात भिंतीचा कमाल ताण एवढेच हवे असेल तर नाही. रक्ताचा वेग अर्धा मीटर प्रतिसेकंद धरला तरी गतिज दाब १३२ पास्कल, म्हणजे १ मिमी पारा. आतल्या बाजूने सगळीकडे सारखा १२० मिमी पारा लावला तर होणारी चूक टक्क्याच्या पातळीवरची आहे, आणि भिंतीच्या जाडीतली अनिश्चितता त्याच्या कितीतरी पट मोठी. एकत्र सिम्युलेशनला लागणारे आठवडे जाडीवर खर्च करा. छातीतल्या महाधमनीत, झडपेजवळ, हाच युक्तिवाद चालत नाही. तिथे वेग मोठा आणि हृदयाची ओढही असते.

प्रश्न : कॅल्क्युलिक्स या फायनाइट एलिमेंट प्रणालीत भिंतीचा ताण काढते आहे. मेश जितकी बारीक करावी तितका कमाल ताण वाढतच जातो, आणि तो नेमका धमनी दुभंगते त्या खाचेत येतो. शिवाय सीटीमधला आकार आधीच दाबाखाली आहे, मग त्यावर पुन्हा दाब लावणे बरोबर कसे? — अभियंता, बेंगळुरू

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ, कारण ती जास्त खोल आहे. सीटीत दिसतो तो आकार दाबाने ताणलेला असतो. त्यावर हायपरइलॅस्टिक, म्हणजे रबरासारखी ताणणारी, भिंत बसवून १६ किलोपास्कल लावले की धमनी दुसऱ्यांदा फुगते. त्रिज्या वाढते, जाडी घटते, ताण फुगवून येतो. उपाय दोन आहेत. पहिला : दाब काढल्यावर आकार काय असेल ते उलट गणिताने शोधायचे आणि तिथून पुन्हा दाब चढवायचा. हे नेटके आहे, पण वेळखाऊ, आणि त्याला भिंतीच्या गुणधर्मांचे आकडे लागतात. बहुतेक जण राघवन आणि व्होर्प या संशोधकांनी २००० साली दिलेले घेतात : ०.१७४ आणि १.८८१ मेगापास्कल. ते अनेक रुग्णांच्या नमुन्यांची सरासरी आहेत, तुमच्या रुग्णाचे नव्हेत.

दुसरा उपाय युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या गटाचा, आणि आमचा कौल त्यालाच आहे. दाब माहीत आहे, दाबाखालचा आकार माहीत आहे; पातळ भिंतीत या दोहोंचा समतोल साधणारा ताण जवळजवळ एकच असतो. मग भिंत खूप ताठ आणि रेषीय मानायची, म्हणजे आकार हलत नाही, आणि एकाच पायरीत ताण काढायचा. गुणधर्म काय धरले याने उत्तर फारसे बदलत नाही. एक काळजी घ्यावी लागते : असे केल्यावर भिंतीच्या आतल्या बाजूला ताण जास्त आणि बाहेर कमी दिसतो. जिवंत भिंतीत हा फरक अंगभूत ताणांमुळे बराचसा समान झालेला असतो, म्हणून जाडीभर सरासरी घ्या. त्यांची बायोपार ही मोफत प्रणाली हे स्वतःच करते.

आता खाचेतला ताण. टोकदार खाचेत गणिती ताणाला वरची मर्यादाच नसते, मेश बारीक करत राहाल तसा तो वाढणारच. त्यात सीटीच्या कापांमुळे पृष्ठभागावर पायऱ्या राहिल्या असतील तर प्रत्येक पायरी स्वतंत्र खाच बनते. पृष्ठभाग टॉबिन पद्धतीने गुळगुळीत करा. साधी लाप्लास पद्धत फुगवटा आकसवते. वरची-खालची बांधलेली टोके आणि दुभंग निकालातून वगळा. कमाल आकड्याऐवजी ९९वा शतमान घ्या, म्हणजे भिंतीचा सर्वाधिक ताणलेला १ टक्का भाग सोडून उरलेल्यातला कमाल ताण. तो मेशबरोबर उड्या मारत नाही.

घटक कोणते वापरता हे लिहिलेले नाही. चार बिंदूंचे साधे टेट्रा (चार पृष्ठांचे घटक) असतील तर तेही बदला. भिंत जवळजवळ असंपीड्य आहे, पॉइसनचे गुणोत्तर (ताणल्यावर आडवे किती आकसते ते) ०.४९ च्या वर, आणि असे घटक तिथे कुलूप लागल्यासारखे ताठरतात. दहा बिंदूंचे टेट्रा घ्या आणि जाडीत किमान दोन थर ठेवा.

आणि जाडी. सगळे १.५ किंवा २ मिमी धरतात. केवळ या निवडीने ताण २५ टक्क्यांनी बदलतो. मृत्यूनंतर तपासलेल्या फुगवट्यांत भिंत फुटलेल्या जागी ०.२३ मिमी इतकी पातळ आणि कॅल्शियम साचलेल्या जागी ४ मिमीहून जाड मिळालेली आहे. ३६ सेंमीचे क्षेत्र ५१२ ठिपक्यांत विभागले की सीटीचा एक ठिपका ०.७ मिमीचा, म्हणजे अख्खी भिंत दोन ठिपक्यांत येते. त्यामुळे १.५ आणि २ दोन्ही जाड्यांसाठी गणित करून उत्तर पट्ट्यात द्या. तीन दशांश स्थळांपर्यंतचा एकच ताण लिहिणे म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल आहे.

प्रश्न : फुगवट्यातली गुठळी भिंतीचे रक्षण करते की नुकसान? — वैद्यकीय विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दोन्ही. भिंतीला चिकटलेली गुठळी काही भार स्वतः उचलते, त्यामुळे गणितात तिच्याखालच्या भिंतीचा ताण कमी येतो. पण ती सच्छिद्र आहे; रक्तदाब तिच्यातून भिंतीपर्यंत पोहोचतोच. दुसरीकडे, जाड गुठळीखालच्या भिंतीला आतून प्राणवायू कमी मिळतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या व्होर्प यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की अशी भिंत अधिक दुबळी असते. म्हणून नुसत्या ताणावर न थांबता ताणाला त्या जागच्या अंदाजित ताकदीने भागतात. ताकदीच्या अंदाजात गुठळीची जाडी, रुग्ण स्त्री की पुरुष, घरात कुणाला हा आजार होता का, हे धरले जाते. कल्पना योग्य आहे. पण अंदाज लोकसंख्येवरून येतो, रुग्णाच्या भिंतीवरून नाही.

व्यवहारातली मोठी चूक वेगळीच आहे. सीटीत शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे फक्त वाहते रक्त उजळते. संगणकाला 'उजळ भाग निवड' सांगितले की गुठळी गायब होते आणि ५.५ सेंमीचा फुगवटा २.५ सेंमीच्या सरळ नळीसारखा दिसतो. प्रवाहाच्या गणिताला ही आतली नळीच हवी असते. ताणाच्या गणिताला मात्र बाहेरची सीमा लागते, आणि ती हातानेच, काप-काप पाहून आखावी लागते. ३डी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप या स्कॅनवर सीमा आखण्याच्या प्रणालींत दोन वेगळे थर ठेवा. आतड्याला आणि खालच्या महाशिरेला भिंत टेकते तिथे सीमा सगळ्यात जास्त चुकते. तेवढा भाग रेडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या केंद्राकडे संशोधनासाठी सीटीचा डेटा मागितला जातो, आणि नंतर 'हा चालत नाही' असे कळवले जाते. नेमके काय हवे असते? — सीटी तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बहुतेक वेळा अडते ते कापांच्या जाडीवर. अहवालासाठी ५ मिमीचे काप जपून ठेवले जातात आणि मूळचे पातळ काप काही दिवसांत पुसले जातात. १ मिमी किंवा त्याहून पातळ काप, मऊ ऊतींच्या कर्नेलने (स्कॅनचे चित्र बनवणाऱ्या गणिती गाळणीने), एकमेकांवर थोडे चढलेले, असे द्या. धारदार कर्नेलने भिंतीच्या कडेला खोटी रेघ उमटते. क्षेत्र किडनीच्या धमन्यांच्या बरेच वरून इलियाकच्या दुभंगाखालपर्यंत हवे, म्हणजे मॉडेलची टोके फुगवट्यापासून लांब ठेवता येतात. कॉन्ट्रास्ट धमनीच्या टप्प्यातला हवा. मात्र केवळ मॉडेलसाठी जास्तीचा स्कॅन किंवा जास्तीचा कॉन्ट्रास्ट कधीही देऊ नये. उपचारासाठी झालेल्या स्कॅनचेच पातळ काप जपायचे.

नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती असल्याशिवाय डेटा बाहेर जाऊ देऊ नका. डायकॉम या स्कॅनच्या चित्रांच्या फाइलच्या शीर्षभागातून नाव, जन्मतारीख, रुग्णक्रमांक काढा. कापाची जाडी, ठिपक्याचे अंतर आणि रुग्णाची स्थिती यांच्या नोंदी मात्र तशाच राहू द्या. अनामिक करणारी काही साधने त्याही पुसतात आणि मग माप कळत नाही.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच देत नाही : स्कॅनच्या वेळचा रक्तदाब. रुग्ण टेबलावर असतानाच दंडावर मोजून वरचा-खालचा आकडा आणि वेळ लिहून ठेवा. चित्रातला आकार त्याच दाबाचा असतो. ओपीडीच्या कागदावरचा १३०/८० तिथे चालत नाही.